दोन्ही हातांनी

लहानपणी आमच्या घरात कुणाला काही देताना डावा हात पुढे आला, तर अम्मी ती वस्तू घ्यायचीच नाही. ‘सीधे हात से’ एवढेच म्हणायची आणि तशीच उभी राहायची. पुढे मी डी.एड. केले, मग बी.एड. केले, उर्दू शाळेत शिक्षिका झाले आणि तेच वाक्य रोज वर्गात बोलू लागले. वही द्यायची ती उजव्या हाताने. मोठ्यांशी बोलायचे ते ‘आप’ म्हणून. कुणी वडीलधारे वर्गात आले तर उठून उभे राहायचे. आमच्या शाळेत अदबीला गुण नसतात, तरी पालकसभेत पालक पहिली चौकशी तिचीच करतात.

या अदबीच्या जोरावर मला वाटायचे, जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी आपले अडणार नाही. 2023 सालच्या मे महिन्यात मी कोरियाला गेले आणि हा समज थोडा खरा ठरला, बराच खोटा.

माझे शौहर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कारखान्यात अभियंता आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चांगवोनला पाठवले. हे दक्षिण कोरियाच्या दक्षिण टोकाकडचे, कारखान्यांचे शहर. रुंद, सरळ रस्ते आणि रस्त्याच्या कडेला ओळीने कारखाने. 2010 साली शेजारचे मासान हे जुने बंदर आणि जिन्हे हे आरमाराचे गाव त्यातच विलीन झाले. उन्हाळ्याची सुटी लागली तशी मुलांना अम्मीकडे ठेवून मी महिनाभरासाठी तिकडे गेले.

निघण्यापूर्वी ह्यांना कंपनीने अर्ध्या दिवसाचा वर्ग दिला होता. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, दोन्ही हातांनी घ्यावे. घेतल्यावर वाचावे, लगेच खिशात कोंबू नये, मागच्या खिशात तर मुळीच नाही. बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवावे. त्यावर पेनाने काही लिहू नये. एका हाताने द्यायची वेळ आली तर उजव्या हाताने द्यावे आणि डाव्या हाताचा आधार उजव्या कोपराजवळ धरावा. हे ऐकून मी फोनवर हसले होते. म्हटले, ‘हे तर अम्मीच शिकवून गेली आहे, फक्त तिने एक हात कमी सांगितला.’

तिथल्या हुद्द्यांचेही मला नवल वाटले नाही. कारखान्यात कुणी कुणाला नुसत्या नावाने हाक मारत नाही. आडनाव, मग हुद्दा आणि शेवटी ‘निम’ हा आदराचा शब्द. आपल्या ‘साहेब’सारखाच तो. ह्यांच्या विभागप्रमुखांचा हुद्दा ‘बुजांग’, म्हणून ते सर्वांचे ‘बुजांग-निम’. ह्यांच्या शेजारी काम करणाऱ्या तरुणाचा हुद्दा ‘दॅरी’. आमच्या कानाला तो ‘देरी’ असाच ऐकू यायचा. हा देरी मात्र रोज सकाळी सर्वांच्या आधी हजर! किम, ली आणि पार्क या तीनच आडनावांत देशातली निम्म्याच्या आसपास माणसे सामावतात, तेव्हा हुद्द्याशिवाय ओळख पटणार तरी कशी?

पहिल्याच भेटीत तिथे वय विचारतात. मला ते आधी खटकले. बाईमाणसाला वय विचारायचे? मग कळले की, वय कळल्याशिवाय त्यांना तोंडच उघडता येत नाही. आपल्या ‘आप’, ‘तुम’, ‘तू’सारख्या त्यांच्या भाषेत पायऱ्या आहेत आणि प्रत्येक क्रियापदाचा शेवट त्या पायरीप्रमाणे बदलतो. मोठ्याशी धाकट्याच्या पायरीवरून बोलणे म्हणजे मोठाच अपमान. माझा जन्म 1986 सालच्या ऑक्टोबरातला. आपल्या हिशेबाने मी 36 वर्षांची, त्यांच्या जुन्या हिशेबाने 38 वर्षांची. जन्मताच मूल एक वर्षाचे धरायचे आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांनी एक वर्ष मोठे व्हायचे, असा तो हिशेब. मी परतले त्याच जून महिन्याच्या 28 तारखेपासून त्यांनी कायद्याच्या आणि सरकारी कामात आपल्यासारखेच वय धरायचे ठरवले. म्हणजे मी कोरियात राहिले तेवढेच दिवस दोन वर्षांनी मोठी होते.

वाकून अभिवादन करण्याची त्यांची पद्धत तर मला सोयीचीच झाली. परपुरुषाशी हात मिळवायचा प्रसंग येईल, या धास्तीने मी विमानात झोपले नव्हते. पण बुजांग-निमनी मला पाहिले आणि दोन हात अंतरावरून कमरेत किंचित वाकले. मीही मान झुकवून आदाब केला. झाले. दोघांचीही अब्रू राहिली.

इथपर्यंत सगळे गोड होते. अडचण आधीच होऊन गेली होती आणि ती ह्यांनी मला फोनवर सांगितलीच नव्हती.

कोरियन कार्यालयात काम संपल्यावर विभागातले सगळे मिळून जेवायला जातात. त्याला ‘ह्वेशिक’ म्हणतात. नावाला जेवण, पण ते कामाचाच भाग असते. दिवसभर जे बोलता येत नाही ते तिथे बोलले जाते. बहुतेक वेळा टेबलातच शेगडी असते, तिच्यावर डुकराचे मांस भाजतात आणि सोजू नावाची दारू असते. तिचेही अदब असतात. आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा आणि तोही दोन्ही हातांनी. मोठ्याने ओतले तर पेला दोन्ही हातांनी धरायचा. मोठ्यासमोर पिताना धाकट्याने तोंड बाजूला वळवायचे. पेल्याला पेला लावताना आपला पेला किंचित खाली ठेवायचा. माझ्या मनात आले, या लोकांनी हरामालासुद्धा किती अदब लावली आहे!

ह्यांना पहिल्याच आठवड्यात ह्वेशिकला नेले. पेला पुढे आला. आमच्यात पिणे वर्ज्य आणि पाजणेही वर्ज्य. अशा वेळी काय बोलावे ते सुचेना. शेजारच्या कुणीतरी दबक्या आवाजात तोड सांगितली, ‘औषध चालू आहे म्हण.’ तिथे हे निमित्त सर्रास चालते. ह्यांनी पोटाचे औषध चालू असल्याचे सांगितले. डुकराच्या मांसालाही तेच कारण पुरले.

आता गंमत पाहा. दुसऱ्याच्या मनातले न बोलता ओळखणे याला कोरियन लोक ‘नुन्ची’ म्हणतात. ज्याला नुन्ची नाही तो माणूस अडाणी, मग तो कितीही शिकलेला असो. बुजांग-निमना ती भरपूर होती. परदेशात आलेल्या या माणसाचे पोट बिघडले आहे, हे त्यांनी मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी ते ह्यांच्यासाठी शिंपल्यातल्या माशाची पातळ भाताची पेज घेऊन आले. आजाऱ्याला तिकडे पेजच देतात. मग अधूनमधून प्रकृतीची विचारपूस चालूच राहिली. मार्चच्या 23 तारखेला रमजान सुरू झाला. दुपारी हे जेवायला उठले नाहीत, पाणीही प्यायले नाहीत. बुजांग-निम घाबरले. आजार वाढला म्हणून इस्पितळात न्यायला ते गाडीची किल्ली घेऊनच आले. तेव्हा ह्यांना खरे सांगावे लागले.

हे सगळे मला चांगवोनला गेल्यावर कळले. मी विचारले, ‘पर झूट कायकू बोले?’

‘अगं, मला वाटलं, धर्माचं कारण सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.’

‘मग काय म्हणाले ते?’

‘रागावले नाहीत. म्हणाले, पीत नाहीस याचं काही नाही. पण मी महिनाभर तुझ्या पोटाची काळजी केली.’

हे ऐकून मी गप्प झाले. रोजा, नमाज, हलाल यांची लाज वाटण्याचे ह्यांना काही कारण नव्हते. पण आपण कुणाला तरी अवघड जाऊ, ही भीती आपल्या हाडात कुठेतरी बसलेली असते. घर भाड्याने शोधताना, प्रवासात डबा उघडताना आपण तिला आवर घालत आलेलो असतो. ती भीती ह्यांच्याबरोबर कोरियापर्यंत गेली, आणि जिथे तिची गरजच नव्हती तिथे तिने एका भल्या माणसाला महिनाभर काळजीत टाकले.

मी आल्याच्या निमित्ताने बुजांग-निमनी आम्हा दोघांना आणि देरीला मासानला जेवायला नेले. मुद्दाम माशांच्या हॉटेलात. तिथली ‘आगूजिम’ प्रसिद्ध आहे. आगू नावाचा रुंद तोंडाचा मासा, भरपूर मोड आलेले सोयाबीन आणि लाल तिखट. आपल्याकडच्या कालवणाला लाजवील असा झणका! टेबलावर बसताच ह्यांनी उठून सर्वांपुढे कागदी रुमालावर चमचे आणि चॉपस्टिक मांडल्या, पाण्याची बाटली घेतली आणि दोन्ही हातांनी सर्वांचे पेले पाण्याने भरले. हे काम एरवी सर्वांत धाकट्याचे. देरी अवघडून उठायला लागला, तर बुजांग-निमनी त्याला खाली बसवले. सोजू आली ती देरीने ओतली. ह्यांच्या छोट्या पेल्यात बुजांग-निमनी स्वतः लिंबाचे सरबतासारखे पेय ओतले, दोन्ही हातांनी. त्या दिवशी मला वाटले, नकार द्यायचा असेल तर रिकाम्या हाताने देऊ नये. त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावे. पाणी तर पाणी.

पण मी ह्यांना शहाणपण शिकवत असतानाच माझीही फजिती झाली. आमच्या मजल्यावर एक बाई राहत, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. फोनमधल्या भाषांतराच्या आधाराने आमचे बरे जमले. माझ्या पर्समध्ये शिक्षकाची खूण असलेला लाल पेन कायम असतो. एके दिवशी मी मोठ्या हौसेने त्यांचे नाव उर्दूत, सुरेख नस्तालीक वळणाने लिहून दिले. कागद हातात घेताना त्यांचा चेहरा पडला. जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहिणे तिथे अशुभ मानतात, मरणाशी त्याचा संबंध जोडतात. त्यांनी काही न बोलता कागद दोन्ही हातांनी घेतला, मग आतून निळा पेन आणला आणि हसून म्हणाल्या, पुन्हा एकदा लिहा. चूक माझी होती आणि अवघडलेपण त्यांनी उचलले. मीही दुसरा कागद घेतला.

15 मे हा तिथला शिक्षक दिन. कोरियन लिपी घडवणाऱ्या सेजोंग राजाचा जन्मदिवस म्हणून तो निवडला आहे. त्या देशात गुरूला बापाच्या जोडीला बसवतात. मला वाटले, शेजारीणबाई फुलांच्या ओझ्याने वाकून घरी येतील. पण त्या रोजच्यासारखीच पिशवी घेऊन आल्या. भेटी देण्याची प्रथा वाढत जाऊन तिची लाच होऊ लागली, म्हणून 2016 सालच्या सप्टेंबरपासून तिथे कडक कायदा लागू झाला आहे. सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार सगळे त्यात येतात. एकट्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षिकेला गुलनारचे एक फूल देणेसुद्धा बसत नाही. वर्गाच्या प्रतिनिधीने सर्वांसमक्ष दिले तर चालते. तसेच, 2019 साली कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध तरतूद झाली आणि आता कुणाला बळेच दारू पाजणे हाही छळ धरला जातो. म्हणजे रिवाज कुठे थांबला पाहिजे, याचा विचार ते लोकही करतच होते. मी मात्र त्यांचा रिवाज दगडावर कोरलेला समजत होते.

माझी निघायची तारीख जवळ आली असताना एका संध्याकाळी देरीचा फोन आला. बुजांग-निमची आई वारली होती. विभागातले सगळे दुसऱ्या दिवशी जाणार होते.

अशा वेळी जाणे हे तिथे सर्वांत मोठे कर्तव्य. लग्नाला नाही गेले तर माफ, मयतीला जायलाच हवे. इस्पितळाला लागूनच शोकगृह असते आणि साधारण तीन दिवस लोक तिथे येत राहतात. पांढऱ्या पाकिटात पैसे द्यायचे. तेही तीस, पन्नास हजार वोन असे, विषम आकड्यात किंवा मग एक लाख. चाळीस नाही, कारण चारचा उच्चार मरणाच्या शब्दासारखा आहे. काही इमारतींच्या लिफ्टमध्ये तर चौथ्या मजल्याचा आकडाही नसतो. मग आत मृताच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची आणि गुडघे टेकून, कपाळ जमिनीकडे नेत दोन वेळा पूर्ण वाकायचे. मग एकदा कुटुंबीयांपुढे.

ह्यांनी इंटरनेटवर ते वाकणे पाहिले आणि फोन बाजूला ठेवला. ते पाहून कुणीही मुसलमान म्हणेल, हा तर सजदा.

घरी फोन झाले. थोरले दीर म्हणाले, ‘जाऊच नको. पोट दुखतंय म्हणून सांग.’ एका मित्राने सांगितले, ‘दिल की नियत साफ है ना? मग वाक आणि मोकळा हो. नोकरीचा सवाल आहे.’ हे माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटले, ‘पोटाचं निमित्त एकदा करून झालं. आणि नियतीचं म्हणाल, तर ज्याच्यापुढेच फक्त कपाळ टेकायचं, त्याला काय सांगणार? पण जायचं नाही, असंही नाही.’ एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना पाहून पैगंबर साहेब उठून उभे राहिले होते, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. मुले विचारतात, तो तर यहुदी होता ना? त्यावर पैगंबर साहेबांनीच विचारले होते, तोही एक जीव नव्हता का? मुलांना सांगायला ही गोष्ट सोपी. त्या रात्री ती मला स्वतःला सांगावी लागली.

सकाळी गाडीत बसल्यावर ह्यांनी या वेळी निमित्त शोधले नाही. देरीला सरळ सांगितले, ‘आम्ही अल्लाशिवाय कुणापुढेही तसे वाकत नाही. पण मला त्यांच्या दुःखात यायचे आहे. मी काय करू?’

देरी गाडी चालवत होता. म्हणाला, ‘मीही वाकत नाही. मी चर्चला जातो. आमच्यातले बहुतेक लोक पांढरे शेवंतीचे फूल ठेवतात, मान खाली घालून उभे राहतात.’ आणि मग म्हणाला, ‘तुम्ही आधी विचारलं असतं, तर रात्री झोपला असता.’

हे त्याला कसे कळले? नुन्ची, दुसरे काय!

शोकगृहात सर्वांनी बूट काढले. वहीत नावे लिहिली, पाकीट दिले. आमच्या पाकिटात पन्नास हजार वोन, आपले साधारण तीन हजार रुपये होते. आत म्हातारीचा हसरा फोटो, काळी फीत आणि पांढऱ्या शेवंतीची रास. काळा सूट घातलेले, दंडावर शोकाची पट्टी बांधलेले बुजांग-निम उभे होते. सहकारी एकेक करून वाकत होते. आमची पाळी आली. ह्यांनी फुलाकडे हात नेण्याआधीच बुजांग-निम एक पाऊल पुढे आले. त्यांनी स्वतः एक फूल उचलले आणि ह्यांच्या हातात दिले, दोन्ही हातांनी. मग एक मला दिले. आम्ही फुले ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिलो. ह्यांनी सांत्वनाचे एक कोरियन वाक्य रात्रभर पाठ केले होते. ते बोलायची गरजच पडली नाही. तिथे अशा वेळी काही न बोलणे हेच सर्वांत योग्य मानतात.

मग जेवण. आपल्याकडे मयतीच्या घरची चूल पेटत नाही, शेजारीपाजारी डबे पाठवतात. तिथे दुःखातले घरच आल्यागेल्याला जेवू घालते. आम्ही भात, भाजी आणि फळे खाल्ली. पेल्याला पेला लावण्याचा आवाज त्या दिवशी कुठेच नव्हता. भातात चॉपस्टिक उभी का खोचू नये, हेही मला तिथेच उमगले; फोटोपुढे उदबत्त्या तशाच उभ्या होत्या.

परतल्यावर मी थोडे वाचले. 1791 साली युन जी-चुंग नावाच्या एका कोरियन कॅथलिक गृहस्थाची आई वारली. त्याने रिवाजाप्रमाणे विधी केले नाहीत, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या जाळल्या. त्याबद्दल त्याला जोनजू शहरात ठार मारण्यात आले. पुढे 1939 साली खुद्द रोमने कॅथलिकांना त्या विधींची मोकळीक दिली. प्रोटेस्टंट मात्र बहुतेक अजून वाकत नाहीत. ज्या देशात आईच्या मयतीत न वाकल्याबद्दल एका माणसाचा जीव गेला, त्याच देशात आज आईच्या फोटोपुढून एक मुलगा पाहुण्याच्या हाती फूल देतो. मधल्या काळात तिथल्या किती माणसांनी पोटाचे निमित्त केले असेल आणि किती जणांनी सरळ खरे सांगितले असेल! वाट खरे सांगणाऱ्यांनीच केली असणार.

2024 सालच्या जानेवारीत माझे सासरे अल्लाला प्यारे झाले. दुसऱ्या दिवशी रांजणगावच्या कारखान्यातले एक कोरियन अधिकारी घरी आले. दारात बूट काढले, हात समोर जोडून मान खाली घालून उभे राहिले आणि ह्यांना हळूच विचारले, ‘तुमच्यात काय करतात? मी काय करू?’ मग त्यांनी खिशातून पांढरे पाकीट काढले. बुजांग-निमनी त्यांच्याकरवी पाठवलेले पाच हजार रुपये होते.

आमच्यात मयतीला पैसे घेत नाहीत. हे थोरल्या दिरांकडे बघू लागले. ‘जाऊच नको’ म्हणणारे तेच दीर उठले आणि त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतले. पाहुण्याला बसवले, शेजाऱ्यांकडून आलेला पुलाव त्याच्यासमोर ठेवला. तो गेल्यावर मला म्हणाले, ‘हे पैसे अब्बांच्या नावाने तुमच्या शाळेतल्या गरीब पोरांच्या गणवेशाला लावू. पण कुणी दिले ते कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे. फेडायचं आहे.’

आमच्या घरात लग्नातल्या आहेराची वही आहे, मयतीची नाही. मी माझ्याच शाळेच्या वहीचे एक कोरे पान काढून दिले. टेबलावर माझा लाल पेन पडला होता, दिरांनी तोच उचलला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि निळा दिला.